सर्व्हरची रोजकीर्द

आमचे आजोबा लष्करच्या सराफ्यात एका पेढीवर हिशेबनीस होते. लाल कापडात बांधलेली लांबट वही मांडीवर घेऊन ते दिवसभराची देवघेव ज्या क्रमाने घडे, त्याच क्रमाने तीत उतरवीत. त्यांचे नियम दोनच होते. घडले की तत्काळ लिहावे, संध्याकाळी आठवून लिहू नये. आणि चुकले तर खोडू नये, खाली नवी ओळ घालून दुरुस्ती करावी. मी लहानपणी त्यांच्याजवळ बसून ही वही न्याहाळीत असे व त्यांना विचारी, "आजोबा, यात गोष्ट कुठे आहे?" ते हसून म्हणत, "बाळ, गोष्ट बखरीत असते. ही रोजकीर्द आहे. गोष्ट खरी की खोटी ते हिच्यावरून कळते."

पुढे याच शाळेतून शिकून मी संगणकाच्या व्यवसायात पडले, आणि गंमत अशी की आज माझा निम्मा वेळ रोजकीर्द वाचण्यातच जातो. ती कागदावर नसते आणि ती लिहिणारा मनुष्यही नसतो, इतकाच फरक. आमच्या व्यवसायात तिला 'लॉग' म्हणतात. हा शब्द मूळचा समुद्रावरचा. शिडाच्या जहाजांवरील खलाशी वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडीत आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या ते मोजीत. जहाजाचा वेग अद्यापि गाठींतच सांगतात तो यामुळे. हे आकडे ज्या वहीत लिहिले जात, तिला त्या लाकडाच्या तुकड्याचे नाव मिळाले, आणि तेथून ते संगणकापर्यंत येऊन पोहोचले.

संगणकाच्या इतिहासातील अशा वहीचे एक पान विद्यार्थिमित्रांनी ऐकून ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क २' या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. यंत्र चालविणाऱ्यांनी तो पतंग चिकटपट्टीने वहीत चिकटवला आणि वेळेसह नोंद केली. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे, पतंगासह. संगणकातील दोषाला 'बग', म्हणजे किडा, हे नाव या प्रसंगाने पडले अशी समजूत आहे. ती बरोबर नाही, कारण एडिसन यांनी १८७८ साली लिहिलेल्या पत्रातही हा शब्द त्याच अर्थाने आढळतो. मात्र दोष सापडल्याबरोबर तो जागच्या जागी नोंदविण्याची जी शिस्त त्या पानावर दिसते, ती आजोबांच्या शिस्तीहून वेगळी नाही.

आता 'ॲप्लिकेशन सर्व्हर' म्हणजे काय ते पाहू. आपण घरबसल्या परीक्षेचा निकाल पाहतो, आगगाडीचे आरक्षण करतो किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, तेव्हा आपली विनंती दूर कोठे तरी असलेल्या एका संगणकाकडे जाते. तेथे एक मोठा कार्यक्रम अहोरात्र चालू असतो. त्याला कचेरीची इमारत समजा. दारे, खिडक्या, पहारेकरी, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ही त्या इमारतीची व्यवस्था. आणि आत एकेका खोलीत बसून प्रत्यक्ष काम करणारे, ते निरनिराळे ॲप्लिकेशन. 'टॉमकॅट' हा जगभर वापरला जाणारा असाच एक सर्व्हर आहे. तो 'जावा' या भाषेत लिहिलेला असून १९९९ पासून 'अपाचे' या संस्थेच्या छत्राखाली वाढला. एका इमारतीत अनेक खोल्या असाव्यात त्याप्रमाणे एका टॉमकॅटमध्ये अनेक ॲप्लिकेशन नांदू शकतात, आणि इमारत बंद न करता एखाद्या खोलीतले सारे सामान व माणसे बदलता येतात. आमच्या व्यवसायात याला 'डिप्लॉय करणे' म्हणतात, व दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तेच केले की 'रीडिप्लॉय'.

खोलीतील कारकुनापुढे असे काही आले की ज्याचे काय करावे हे त्याला सांगितलेलेच नाही, तर तो काय करील? शहाणा असेल तर कागदावर शेरा मारून वरिष्ठाकडे पाठवील. वरिष्ठालाही उमगले नाही तर तो त्याच्या वरिष्ठाकडे. संगणकाच्या भाषेत अशा प्रसंगाला 'एक्सेप्शन', म्हणजे अपवाद, म्हणतात, आणि तो कोणाकोणाच्या हातून वर गेला त्या शेऱ्यांच्या मालिकेला 'स्टॅक ट्रेस'. जो तो आपला शेरा वरच्या बाजूस चिकटवतो, म्हणून मूळ कारण बहुधा सर्वांत खाली असते. नवशिका मनुष्य पहिली ओळ वाचतो आणि घाबरतो. मुरलेला मनुष्य तडक तळाशी जातो. काही कारकून मात्र अडचणीचा कागद गुपचूप खणात टाकून देतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांतही ही खोड आहे. तिला अपवाद गिळणे म्हणतात, आणि माझ्या मते या धंद्यातील हा सर्वांत अक्षम्य अपराध होय, कारण त्यात चूक होते ती होतेच, शिवाय चुकीचा मागही पुसला जातो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत नोकरीस होते (तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) तेथे शिष्यवृत्तीचे अर्ज स्वीकारणारे एक ॲप्लिकेशन आमच्याकडे होते. अर्जात 'आईचे पूर्ण नाव' हा नवा रकाना घालावयाचा होता. मुदत संपावयास दोन दिवस उरले असता एका गुरुवारी रात्री नवी प्रत चढविण्यात आली. सर्व्हर बंद केला नाही. फक्त खोलीतले सामान बदलले. शुक्रवारी सकाळी दूरध्वनी वाजू लागले. अर्ज पूर्ण भरावा, शेवटचे बटण दाबावे, आणि पडद्यावर यावे, 'तांत्रिक अडचण, कृपया नंतर प्रयत्न करा.' काहींचे अर्ज जात होते, काहींचे जात नव्हते. ज्यांचे जात नव्हते त्यांत खेड्यांतील मुले-मुली अधिक. त्यांतली कितीतरी तालुक्याच्या गावी येऊन, दुकानात पैसे मोजून अर्ज भरीत होती, आणि उद्या पुन्हा यावे म्हटले तर एसटीचे भाडे कोठून आणावे हा प्रश्न होता.

मी लॉग उघडला. तो रिकामा होता. अगदी कोरा, शून्य अक्षरांचा! गुरुवारी रात्री बारा वाजल्यापासून त्यात एक ओळही नव्हती. दोष दिसतो आहे, लोक रडकुंडीस आले आहेत, आणि रोजकीर्द म्हणते की काही घडलेच नाही. दोष सापडत नाही याहून दोषाची नोंदच नाही, ही अवस्था अधिक भयंकर असते.

अशा वेळी प्रथम विचारावयाचा प्रश्न हा, की या इमारतीत वह्या किती आहेत? बहुतेक सर्व्हरवर त्या निदान तीन असतात. एक दारावरच्या पहारेकऱ्याची, 'ॲक्सेस लॉग'. कोण केव्हा आले, काय मागितले आणि त्याला कोणत्या क्रमांकाचे उत्तर मिळाले एवढेच तीत असते. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही, ५०० म्हणजे आत काही तरी बिनसले. दुसरी वही इमारतीच्या व्यवस्थेची. टॉमकॅटमध्ये तिचे नाव 'कॅटालिना'. तिसरी त्या त्या ॲप्लिकेशनची स्वतःची. माझ्यापुढे कोरी होती ती ही तिसरी. पहारेकऱ्याची वही काढली, तो तीत ५०० क्रमांकाच्या ओळींची रांग! म्हणजे विनंत्या दारातून आत येत होत्या आणि खोलीत अपवाद होत होता, हे निश्चित झाले. आता प्रश्न एवढाच उरला की खोलीतला कारकून लिहितो कोठे?

(येथे एक उपप्रश्न मला अर्धा तास छळून गेला. पहारेकऱ्याची वही भारतीय वेळ लिहीत होती आणि व्यवस्थेची वही ग्रीनिचची. एकीत साडेदहा, तर दुसरीत पाच. साडेपाच तासांचे हे अंतर ध्यानात येईपर्यंत मी दोन असंबद्ध घटनांचा संबंध जोडीत बसले होते. आपली प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची. ग्वाल्हेर साधारण ७८ अंशांवर. म्हणजे आपल्या शहराचा सूर्यही घड्याळाच्या मागे सुमारे १७ मिनिटे चालतो. कोणाचे घड्याळ कोठले, हे वही वाचण्यापूर्वी विचारून घ्यावे.)

आमच्या विभागात साताऱ्याकडचे एक वडीलधारे गृहस्थ होते. त्यांना आम्ही सारे काका म्हणत असू. मी त्यांच्याकडे धावले आणि म्हटले, "काका, सर्व्हर रीस्टार्ट करू का? बंद करून चालू केला तर लॉग पुन्हा लिहू लागेल."

"लागेल, पण थांब," काका म्हणाले. "रात्रीपासून जे लिहिले गेले आहे ते कुठे आहे, ते आधी शोध. रीस्टार्ट केलास की ते कायमचे जाईल."

त्यांच्या या वाक्याने मी वाचले. त्याचा उलगडा करण्यास मला आपल्या शहराचाच दाखला घ्यावा लागेल. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली गडाच्या पायथ्याशी स्थिरावली आणि त्या छावणीचेच शहर झाले. म्हणून तर आपण आजही 'लष्कर' म्हणतो. आता कल्पना करा की छावणी नव्या जागी हलली. नव्या तंबूत नवी कोरी वही मांडून ठेवली, तिच्यावर जुन्या वहीचेच नाव घातले आणि जुनी वही यादीतून वगळली. पण लेखनिकाला कोणी सांगितलेच नाही. तो बिचारा मान खाली घालून त्याच जुन्या वहीत प्रामाणिकपणे लिहितो आहे. सरदार नवी वही उघडतो, ती कोरी पाहतो आणि लेखनिकावर कामचुकारपणाचा आरोप ठेवतो!

आमच्याकडे नेमके हेच झाले होते. ज्या 'युनिक्स' घराण्यातील प्रणालीवर बहुतेक सर्व्हर चालतात, तिच्यात फाइलचे नाव ही केवळ एक चिठ्ठी असते. चिठ्ठी फाडली तरी फाइल नष्ट होत नाही. चालू असलेल्या ज्या कार्यक्रमाने ती हातात धरली आहे तो ती सोडीपर्यंत ती डिस्कवर जिवंत राहते, फक्त निनावी. नवी प्रत चढविताना जुनी लॉग-फाइल पुसण्यात आली होती आणि त्याच नावाची रिकामी फाइल मांडण्यात आली होती. परंतु लॉग लिहिणारा भाग खोलीत नसून इमारतीच्या सामाईक कोठारात होता. सामान बदलले तेव्हा त्याला धक्काही लागला नाही. त्याने धरलेली फाइल तीच राहिली, आणि रात्रभर तो त्या निनावी वहीत लिहीत राहिला.

एखाद्या कार्यक्रमाने कोणकोणत्या फाइली धरल्या आहेत, हे दाखविणारी 'एलएसओएफ' नावाची आज्ञा आहे. ती दिली, तो यादीत आमची लॉग-फाइल दिसली, आणि तिच्यापुढे 'पुसलेली' असा शेरा. पुसलेली, तथापि सकाळपर्यंत वाढत गेलेली! 'लिनक्स'मध्ये अशी धरलेली फाइल कार्यक्रमाच्या क्रमांकाखाली एका विशेष जागी वाचावयास मिळते. तेथून ती आम्ही दुसऱ्या जागी उतरवून घेतली. रीस्टार्ट केला असता तर सर्व्हरची मूठ सुटली असती आणि रात्रभराची रोजकीर्द त्याच क्षणी नाहीशी झाली असती.

घाईने केलेला उपाय किती महाग पडतो याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्या 'नाइट कॅपिटल' या पेढीने नवी प्रत चढविली होती. सर्व्हर आठ होते. चढविणाऱ्याच्या हातून ती सातांवरच चढली. आठव्यावर कित्येक वर्षांपूर्वीचा, वापरातून गेलेला एक भाग निजलेला होता. नव्या खुणेने तो जागा झाला आणि खरेदी-विक्रीचे हुकूम वेड्यासारखे सोडू लागला. सुमारे ४५ मिनिटांत त्या पेढीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. पण विशेष हे की बाजार उघडण्यापूर्वीच त्यांच्या यंत्रणेने त्या चुकीचा निर्देश करणारे ९७ ई-मेल आपल्याच माणसांना धाडले होते. रोजकीर्द ओरडून सांगत होती, वाचणारा नव्हता. पुढे गोंधळ थांबवावा म्हणून त्यांनी सात ठिकाणची नवी, निर्दोष प्रत काढून टाकली, आणि मग आठही सर्व्हर तीच चूक करू लागले! अमेरिकी सरकारच्या रोखे आयोगाने २०१३ साली दिलेल्या निर्णयपत्रात ही सारी हकीकत आली आहे.

असो. आमच्या हाती आलेली वही उघडली. शेवटची ओळ वाचण्याचा मोह टाळून गुरुवारी रात्री बारानंतरचा पहिला अपवाद शोधला. याला एक शास्त्रीय कारणही आहे. एकच अपवाद हजारो वेळा झाला, तर जावाचे यंत्र वेळ वाचविण्यासाठी काही जातींच्या अपवादांचे शेरे लिहिणे थांबवते आणि नुसते नाव लिहून पुढे जाते. पूर्ण मालिका पहिल्या-पहिल्या नोंदींतच सापडते. त्या पहिल्या नोंदीत वरची ओळ म्हणत होती, 'अर्ज जतन झाला नाही'. तिच्या खाली 'कारण', त्याच्याही खाली 'कारण', आणि सर्वांत तळाशी डेटाबेसचे साधे, कोरडे वाक्य: आईच्या नावाच्या रकान्यात मजकूर मावत नाही, आलेला ५८, मर्यादा ५०.

मी ते नाव पाहिले. एवढे काही लांब नव्हते. समजा ते 'लक्ष्मीबाई गोविंदराव' होते. मोजून पाहा: ल, क, हलन्ताची खूण, ष, पुन्हा हलन्ताची खूण, म, दीर्घ ईकार, ब, काना, ई, असे पहिल्या शब्दात १० घटक. दुसऱ्यात ९. संगणक रोमन लिपीचे प्रत्येक अक्षर एका बाइटमध्ये ठेवतो. पण 'यूटीएफ-८' या रूढ पद्धतीत देवनागरीचे अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांतील प्रत्येकाला तीन बाइट लागतात. १९ त्रिक ५७, आणि मधल्या मोकळ्या जागेचा १, मिळून ५८. हेच नाव रोमन लिपीत लिहिले तर अवघ्या २० बाइटांत बसते. ज्याने रकाना आखला त्याने ५० अक्षरे म्हणून ५० बाइट ठेवले होते, आणि ज्याने तपासले त्याने रोमन लिपीतील लहानशी नावे घालून तपासले होते. शहरातील मुलांनी आईचे नाव इंग्रजीत लिहिले, ते गेले. ज्यांनी आपल्या लिपीत, वडिलांच्या नावासह पूर्ण लिहिले, त्यांना सर्व्हरने परत पाठवले.

रकाना रुंद करण्यास दहा मिनिटेही लागली नाहीत. त्यानंतर सर्व्हर रीतसर बंद करून चालू केला. लेखनिक आता नव्या वहीत लिहू लागला, आणि दुपारपर्यंत ५०० क्रमांकाच्या ओळी थांबल्या. पण काम तेथे संपले नव्हते. निनावी वहीत प्रत्येक फसलेल्या अर्जाचा क्रमांक होता. त्यावरून यादी केली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही चौघे एकेकाला दूरध्वनी करीत बसलो. एका घरी आईनेच दूरध्वनी घेतला. तिला सारे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ताई, माझ्या नावामुळं पोरीचा फारम परत आला व्हय?" मी म्हटले, "नाही हो बाई, तुमच्या नावात काही चूक नव्हती. आम्हीच जागा कमी ठेवली होती." मुदत शनिवारची होती. शनिवारी सकाळी त्या मुलीचा अर्ज आलेला मी वहीत पाहिला; पुढे २०० हा आकडा होता.

जिज्ञासू विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट राहिली. लिहिणाऱ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असेही नाही. 'लॉगफॉरजे' हे जावाच्या जगातील बहुपरिचित लॉग-लेखक. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एक घातक दोष असल्याचे डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आले. तो नोंदवावयाच्या मजकुरात विशिष्ट रीतीने लिहिलेली आज्ञा आली, तर ती नुसती न लिहिता पाळूही लागे. त्यामुळे परका मनुष्य नावाच्या रकान्यात एक ओळ लिहून दूरच्या सर्व्हरवर ताबा मिळवू शकत होता. जगभरच्या कचेऱ्यांत त्या महिन्यात रात्री जागून नव्या प्रती चढविल्या गेल्या.

आमच्या कचेरीत त्या शुक्रवारनंतर काकांनी एक रीत घालून दिली. नवी प्रत चढविली की प्रथम परीक्षेच्या खोलीत मुद्दाम एक चुकीचा अर्ज भरावयाचा, आणि तो अपवाद तिन्ही वह्यांत, योग्य वेळेसह, मुळापर्यंतच्या शेऱ्यांसह उतरला की नाही हे डोळ्यांनी पाहावयाचे. तो दिसल्याशिवाय घरी जावयाचे नाही. चुकीच्या अर्जात आईचे नाव कोणते घालावे हे मी सुचवले. ते देवनागरीत आहे आणि चांगले लांब आहे.